बारा खाटांचं अनुदान

२ फेब्रुवारी, सोमवार. पहाटे पाच
नवी वही. आजपासून रोज लिहिणार. संकल्प तीन. एक, रागावायचं नाही. दोन, सिस्टरच्या कामात नाक खुपसायचं नाही. तीन, अनुदानाचा अर्ज आठवड्यात हातावेगळा करायचा.

सकाळी साडेसात
चष्मा सापडेना. रागावलो. तो कपाळावर होता. बायको म्हणाली, अहो, निदान आठ तरी वाजू द्यायचे होते.
संकल्प उद्यापासून.

३ फेब्रुवारी
पुढेमागे कुणी केंद्राचा इतिहास लिहील, त्याच्या सोयीसाठी नोंदवून ठेवतो. टायरच्या दुकानावरचा मजला. बारा लोखंडी खाटा. भिंती छातीपर्यंत रंगवलेल्या, वर रंग संपला. हे आमचं व्यसनमुक्ती केंद्र. गोळ्या, पावडर, इंजेक्शन, जे काही सुटत नसेल ते सोडवायला माणसं इथे येतात. डॉक्टर आठवड्यातून दोनदा. सिस्टर रोज. मी मानद सेक्रेटरी. शिक्षण सातवी, पण छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवले. दुसऱ्यांची पुस्तकं उलटी वाचून शहाणा झालेला माणूस सुलटा अर्ज लिहू शकणार नाही काय?
सध्या पेशंट सहा. चौघे मागच्या महिन्यात बरे होऊन गेले, दोघे बरे न होताच गेले.

४ फेब्रुवारी, बुधवार
अनुदान देणाऱ्या सरकारी खात्यात गेलो. शी! जिन्याच्या कोपऱ्यात थुंकलेलं, टेबलावर फायलींच्या थप्प्या, आणि थप्प्यांच्या मागे केळं सोलत बसलेला कारकून. म्हणाला, खाटा किती भरल्यात? म्हणालो, सहा. म्हणाला, मग निम्म्या रिकाम्या की. सरकार रिकाम्या गाद्यांना पैसे देत नाही आजोबा.
मी शांतपणे समजावलं. बाबा रे, मागचं अनुदान आलं नाही म्हणून औषध नाही. पहिल्या आठवड्यात माणूस थरथरतो, ओकतो, भिंतीवर डोकं आपटतो, तेव्हा औषध लागतं. औषध नाही म्हणून नवीन भरती नाही. भरती नाही म्हणून खाटा रिकाम्या. खाटा रिकाम्या म्हणून अनुदान नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?
त्याने केळं संपवलं. म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, लेखी द्या.
किळस आली. साल त्याने फायलीवर ठेवली. कुणाची फाइल होती देव जाणे.

७ फेब्रुवारी
अर्ज चौदा पानांचा झाला. सुरुवात मानवजातीपासून केली आहे. अर्जाला पाया भक्कम हवा.
वॉर्डात उभं राहून वाचून दाखवला. सिस्टर म्हणाली, काका, खात्याचा फॉर्म दोन पानांचा आहे. नववा रकाना भरा, रिकाम्या कपाटाचा फोटो जोडा आणि वेटिंग लिस्ट जोडा. सतरा नावं आहेत. बास.
पोरगी प्रामाणिक, पण साहित्याची जाण शून्य. औषधाच्या रिकाम्या कपाटाला दोन वेळा कुलूप लावते, कारण नियम. अशा माणसाला मानवजात कशी कळणार?
पेंटर नावाचा पेशंट आहे, धंद्यानेही पेंटरच. तो तिसऱ्या पानाला घोरायला लागला. उठल्यावर म्हणाला, साहेब, गोळीशिवाय इतकी गाढ झोप तीन वर्षांत लागली नव्हती.
दाद समजायची.

१० फेब्रुवारी. रात्रीची जेवणं झाल्यावर
घरात पुन्हा तोच विषय. मेहुणा.
बायकोचा धाकटा भाऊ. ट्रक चालवायचा. जागायला एक गोळी, झोपायला दुसरी, मग दोन्ही विसरायला पावडर. ट्रक गेला, त्याची बायको माहेरी गेली, राहिला तो एकटा. बायको म्हणते, दुनियेच्या पोरांना खाट देता, माझ्या भावाला कधी देणार?
मी समजावलं. सेक्रेटरीचाच मेहुणा दाखल झाला तर लोक काय म्हणतील? आणि औषध कुठाय? अनुदान येऊ दे, पहिली खाट त्याची. शिवाय दर भेटीत मी त्याला अर्धा तास उपदेश करतो, तो काय फुकट जातो?
बायको म्हणाली, मागच्या वेळी तुमचा उपदेश ऐकूनच तो चार दिवस गायब होता.
बायकांना कार्यकारणभाव कळत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
पत्र आलं! निरीक्षक बाई गुरुवारी, २६ तारखेला तपासणीला येणार. तपासणीच्या दिवशी किमान दहा खाटा भरलेल्या असाव्यात, अन्यथा केंद्राची आवश्यकता नाही असं समजून अनुदान कायमचं बंद करण्यात येईल.
कायमचं. म्हणजे सहा जण रस्त्यावर. पेंटर तर सरळ त्याच्या जुन्या अड्ड्यावर. केंद्राच्या खालीच अड्डा आहे, टायरच्या मागे. इतकी घाण व्यवस्था मी जन्मात पाहिली नाही. माणूस बरा करून घरी पाठवा, तर खाट रिकामी म्हणून शिक्षा!
सिस्टर म्हणाली, जे आहे ते दाखवू. रिकाम्या खाटा दाखवू, कपाट उघडून दाखवू, सतरा नावं दाखवू.
मी म्हणालो, मुली, खरं दाखवून कुणाचं भलं झालंय?
दुपारी पडल्या पडल्या युक्ती सुचली. अशी, की स्वतःचीच पाठ थोपटायला हात मागे नेला. खांदा धरला.

१८ फेब्रुवारी
युक्ती अशी. बागेतलं आमचं बाकडं. रोज सकाळी फिरायच्या नावाखाली बसणारे आम्ही सात निवृत्त. मी सोडून सहा. सहा पेशंट आणि सहा हे, बारा! एक दिवस खाटेवर पडून राहायचं. नाहीतरी घरी काय वेगळं करतात?
हेडमास्तर लगेच तयार. तरुणपणी नाटकात होते. म्हणाले, भूमिका काय? म्हणालो, व्यसनी. म्हणाले, अंतर्मुख की बहिर्मुख?
बँकवाला गप्प माणूस. म्हणाला, पडून राहायचं ना? येतो.
पोस्टमन म्हणाला, सूनबाईंना विचारून सांगतो.
सिस्टरला सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती बेडपॅनकडे पाहते. म्हणाली, काका, मी यात नाही. त्या दिवसाच्या रजिस्टरला मी हात लावणार नाही.
म्हणालो, मीच लिहीन. अक्षर माझंच चांगलं आहे.

२२ फेब्रुवारी, रविवार
तालीम. शोकांतिका.
हेडमास्तर थरथरायला लागले ते थांबेनात. खाट सरकत सरकत दारापर्यंत गेली. पेंटर मध्ये पडला. म्हणाला, मास्तर, असं नसतं हो. असं नुसतं डोळे उघडे ठेवून पडायचं आणि आईची आठवण काढायची. मग कुणी बोललं की चिडायचं.
मी म्हणालो, छान, हे घेऊ या.
एक तत्त्वाचा प्रश्न निघाला. शिंपी म्हणाला, खोटी नावं लिहा, खोटी वयं लिहा. मी ठाम नकार दिला. लबाडी माझ्या हातून होणार नाही. रजिस्टरला नावं खरी, वयं खरी. एकाहत्तर, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, जी असतील ती. फक्त आजार तेवढा खोटा.

२५ फेब्रुवारी, बुधवार
संध्याकाळी बायको नाचत आली. मेहुणा तयार झाला म्हणे. स्वतःहून. म्हणाला, ताई, उद्या येतो, माझ्या पायांनी येतो, कुणी ओढायला नको. सिस्टरने डॉक्टरांच्या हातापाया पडून एका माणसापुरतं औषध मिळवून ठेवलंय. एकाच माणसापुरतं. कपाटाचं कुलूप आता पहिल्यांदा खरं.
मी म्हणालो, उद्या? उद्या तपासणी! त्याला परवा यायला सांग.
बायको म्हणाली, अहो, असा माणूस परवा येत नसतो. आज म्हणाला तर उद्याच.
त्याच्या 'उद्या येतो'वर मी काय भरवसा ठेवू? असले उद्या मी पुष्कळ पाहिलेत. येणार नाही. आलाच तर बघू. ऐनवेळी माझं डोकं चांगलं चालतं.

२६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी आठ
पोस्टमनच्या सूनबाई नको म्हणाल्या. अकराच झाले. दहा पुरेसे आहेत, हे मान्य. पण अकरा हा आकडा कसा अर्धवट दिसतो! बारापैकी बारा म्हटलं की बाई थक्कच होतील. बारावी खाट खिडकीजवळची. मी स्वतः पडतो. नेत्याने पुढे असावं.
रजिस्टरला स्वतःचं नाव लिहिलं. खरं. अक्षर सुंदर आलं.

दुपारी तीन
शांतपणे लिहितो. जेवण चुकलं, ते नंतर बघू.
निरीक्षक बाई साडेदहाला आल्या. तरुण, दमलेल्या, हातात स्वतःची पाण्याची बाटली. सेक्रेटरी कुठे आहेत विचारलं. सिस्टर म्हणाली, ते... आडवे आहेत. बाईंनी जास्त विचारलं नाही.
हेडमास्तर मर्यादेत थरथरले. बँकवाल्याला बाईंनी विचारलं, काय घेता? तो म्हणाला, झोपेच्या गोळ्या. किती वर्षं? एकोणीस. किती? आधी एक, आता चार. घरी माहीत आहे? नाही. मग तो रडायलाच लागला. मी पांघरुणातून पाहत होतो. मनात म्हटलं, वा, काय अभिनय! हेडमास्तरांनीसुद्धा मान डोलावली.
अकराच्या सुमारास दार वाजलं.
मेहुणा. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट, दोन नंबर मोठा. हातात पिशवी, वर टॉवेल दिसत होता. घामाने डबडबलेला, ओठ कोरडे. म्हणाला, सिस्टर, आलो.
बाई आनंदल्या. म्हणाल्या, घ्या ना यांना दाखल करून.
सिस्टर म्हणाली, खाट नाही. आणि माझ्या खाटेकडे पाहत, एकेक शब्द दाबत म्हणाली, कुणी स्वतःहून उठलं, तरच होईल.
वॉर्डात कुणी हललं नाही.
तेवढ्यात त्याने मला पाहिलं. जवळ आला. खाटेच्या कडेला टेकला. म्हणाला, भाऊजी? तुम्ही पण?
बाई बघत होत्या. आता नाटक मध्येच सोडायचं? सहा जीवांचा प्रश्न होता. मी म्हणालो, हो.
तो माझ्या पायावर हात ठेवून म्हणाला, म्हणून माझ्यावर इतकं ओरडायचात होय. मला कधी कळलंच नाही बघा. मी तुम्हाला मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या. लाज वाटून घेऊ नका, भाऊजी. तुमचं वय झालंय, तुम्ही राहा. माझं काय, मी येईन पुन्हा कधीतरी.
पिशवी उचलली आणि गेला.
बाईंनी डोळे टिपले. म्हणाल्या, किती मोठं मन! आणि काहीतरी लिहिलं.
एकंदरीत तपासणी उत्तम झाली.

रात्री
बायकोने पाच फोन लावले. मेहुण्याचा फोन बंद.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
शोधायला निघालो. टायरच्या मागचा अड्डा पाहिला. इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर केंद्र चालवतोय, आत पाऊल पहिल्यांदा टाकलं. घाण, सुया, ओली पोती, आणि एक पोरगा डोळे उघडे ठेवून पडलेला. नाकाला रुमाल लावून परत आलो. मेहुणा तिथे नव्हता. पोराला काही विचारायचं सुचलं नाही.
घरी बायकोला समजावलं की दहाची अट होती, संस्थेचं हित, बारापैकी बारा, बाईंचे डोळे.
ती भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, तुम्ही उठला असतात आणि तो झोपला असता, तरी बाराच झाले असते.
याला उत्तर आहे. आत्ता आठवत नाही. उद्या लिहितो.

२८ फेब्रुवारी
उत्तर आठवलं नाही.
बँकवाला घरी जायला तयार नाही. नाटक संपलं, उठा, म्हटलं. म्हणाला, कसलं नाटक? एकोणीस वर्षांत त्या बाई पहिल्या, ज्यांनी मला विचारलं. मी इथून हलणार नाही. त्याच्या मुलाला बोलावलं. मुलाने घरातल्या गाद्या उचकटल्या. गोळ्यांचे रिकामे पत्ते निघाले, सुपं भरून.
दहा वर्षं एका बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसलो. मी त्याला रोज व्यसनमुक्तीवर बोलून दाखवायचो. तो माना डोलवायचा. मला वाटायचं, पटतंय. तो पेंगत असायचा.

१ मार्च, रविवार
मेहुणा सापडला. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात, स्ट्रेचरवर. परवा रात्री कुणीतरी आणून टाकलं होतं. जिवंत आहे. इस्त्रीचा शर्ट कापून काढावा लागला.
मी म्हणालो, मी बोलतो त्याच्याशी, समजावतो.
बायको म्हणाली, तुम्ही बाहेर थांबा.
दोन तास थांबलो. बाकड्याखाली कुणाची तरी ओकारी वाळलेली होती. कुणीही पुसत नाही. या दवाखान्यांना काय झालंय? तक्रार लिहिणार होतो. पेन होतं, कागदही होता. लिहिली नाही.

३ मार्च
सिस्टरने रजा टाकली. ती आणि बायको मेहुण्याला घेऊन लांबच्या गावातल्या केंद्रात गेल्या. चार तासांचा रस्ता. खाट नाही, जमिनीवर गादी मिळाली. जपून ठेवलेलं ते एका माणसापुरतं औषध सिस्टरने पिशवीत घालून सोबत नेलं.
मी बॅग भरून दारात उभा होतो. बायको म्हणाली, गाडीत जागा नाही.
गाडीत जागा होती.

१२ मार्च, गुरुवार
खात्याचं पत्र. तीन मुद्दे.
एक, सर्व बारा खाटा भरलेल्या आढळल्या, अभिनंदन.
दोन, बारापैकी सहा रुग्ण पासष्टीच्या पुढचे असल्याने हे केंद्र सदर योजनेत बसत नाही. प्रकरण वृद्ध कल्याण विभागाकडे वर्ग केलं आहे. तिथे नव्या फॉर्मवर नव्याने अर्ज करावा. चालू योजनेतलं अनुदान बंद.
तीन, संस्थेचे सेक्रेटरी स्वतः दाखल रुग्ण असल्याचं रजिस्टरवरून दिसतं. रुग्णाला पदावर राहता येत नाही. तथापि मानवतेच्या दृष्टीने त्यांना सहा महिने मोफत तपासणी मंजूर करण्यात येत आहे. दरमहा हजर राहून सही करावी, अन्यथा केंद्राची नोंदणी रद्द होईल.
शी, शी, शी! वृद्ध कल्याण! हे खातं आहे की...
उद्या चोवीस पानी निषेध लिहितो.

१३ मार्च
चार ओळी लिहिल्या. बायको घरात असती तर वाचून दाखवल्या असत्या. सिस्टर दुसऱ्याच दिवशी परतली, बायको अजून तिकडेच आहे. फोन रोज करते, सिस्टरला.

१६ मार्च
वृद्ध कल्याण विभागात गेलो. वेगळा जिना, तसाच थुंकलेला. तिथला कारकून म्हणाला, हे नशेचं प्रकरण, आमच्याकडे कसं? परत पाठवतो.
मी म्हणालो, पाठवा.
रागावलो नाही. वहीत पहिल्यांदा. पण ते संकल्पामुळे नव्हे. रागावायला आतून काही निघेना.

२१ मार्च
केंद्र अजून चालू आहे. सिस्टर आणि डॉक्टर अर्ध्या पगारावर चालवतात, किती दिवस ते माहीत नाही. पेंटरने उरलेली भिंत रंगवायला घेतली आहे, स्वतःच्या खिशातून. सतरा नावांची यादी आता एकवीसची. सिस्टरने ती आणि कपाटाचा फोटो दोन पानी फॉर्मला जोडून निरीक्षक बाईंना थेट पाठवला. सोबत एक वेगळी चिठ्ठी. त्यात तिने सगळं खरं लिहिलंय. सगळं. मला दाखवून मग पाठवलं. म्हणाली, काका, हरकत असेल तर सांगा.
वाचलं. दोन पानं. कुठेही मानवजात नाही.
एक स्वल्पविराम सुधारून दिला.

२६ मार्च, गुरुवार
मासिक तपासणी. केंद्रात गेलो. पूर्वी सरळ आत जायचो. आज बाहेरच्या बाकावर बसलो.
सिस्टर बाहेर आली. मी विचारलं, मेहुणा कसा आहे? म्हणाली, तीन आठवडे झाले. काल पोटभर जेवला. तुमची चौकशी करत होता. भाऊजींची सुटली का, विचारत होता.
म्हणालो, त्याला सांगितलं नाही का खरं?
म्हणाली, ताई म्हणाल्या, ते ज्याचं त्याने सांगायचं.
तिने रजिस्टर पुढे केलं. सही केली. अक्षर बरं आलं नाही. तिने नेहमीचा प्रश्न विचारला, सगळ्यांना विचारते तोच, आज काही बोलायचंय का?
म्हणालो, नाही. ती वळली. मग म्हणालो, सिस्टर, बोलायचंय.
ती म्हणाली, मग नंबर लावा.
माझ्यापुढे चौघे आहेत. बसलोय.